क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरसाठी कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स बनवताना आरएफ अॅम्प्लिफायर किती वॉटचा घ्यावा आणि सगळं तपासावं कसं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ६.३५ मिमी जाडीचे, १२५ मिमी लांबीचे चार दांडे, फिलामेंटचा आयन सोर्स, आयन मोजायला फॅराडे कप आणि मल्टिप्लायर एवढं हाताशी आहे, कंट्रोलर नाही. १ ते २०० एएमयू (अणुवस्तुमानाचं एकक) हवं, शेजारची दोन वस्तुमानं सुटी दिसायला हवीत. आरएफ (दांड्यांवरचा उच्च वारंवारतेचा व्होल्टेज) २ मेगाहर्ट्झ धरलाय आणि ५० वॉटचा अॅम्प्लिफायर घ्यायचा विचार आहे.

१० वॉट पुरे. खरी अडचण वॉटमध्ये नाहीच, पण आधी आकडे मांडू म्हणजे ती कुठे आहे ते दिसेल.

दांड्याच्या त्रिज्येला १.१२८ ने भागलं की मधल्या पोकळीची त्रिज्या मिळते. तुमच्याकडे ती २.८ मिमी. एका दांडाजोडीवर ग्राउंडच्या सापेक्ष लागणारा आरएफचा कमाल व्होल्टेज = ७.२२ × वस्तुमान × वारंवारतेचा वर्ग × त्रिज्येचा वर्ग, वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये आणि त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. २०० एएमयूला ७.२२ × २०० × ४ × ०.०७८४ म्हणजे ४५३ व्होल्ट. दर एएमयूला २.२७ व्होल्ट. दांडे, फीडथ्रू आणि कॉइलची स्वतःची मिळून एका बाजूला ६० पिकोफॅरड धरले, तर सुरात (रेझोनन्समध्ये) आणायला १०६ मायक्रोहेन्री लागतात. (दोन्ही अर्ध्या कॉइल एकाच नळीवर असतील तर वेढे थोडे कमी पुरतात.) दोन्ही बाजूंत मिळून १५५ व्होल्ट-अँपिअर नुसते इकडून तिकडे झुलत असतात. क्यू (झुलणाऱ्या ऊर्जेच्या मानाने नुकसान किती कमी, याचं माप) १५० मिळाला तर प्रत्यक्ष खर्च सुमारे १ वॉट. क्यू याच्या निम्म्यावर आला तरी २ वॉट. म्हणून ५० वॉटचा अॅम्प्लिफायर घेऊन फायदा काहीच नाही, उलट बिघाडाच्या वेळी तो जास्त जाळेल.

आता डीसी. सिद्धांतानुसार डीसी आणि आरएफ यांचं गुणोत्तर ०.१६७८४ झालं की स्थिरतेच्या त्रिकोणाचं (आलेखावरचा जो भाग आयन पार होऊ देतो त्याचं) टोक येतं, आणि त्यापुढे एकही आयन पार होत नाही. २०० ला हे टोक ७६ व्होल्टवर येतं. सगळ्या वस्तुमानांना शिखराची रुंदी १ एएमयू ठेवायची तर डीसी या टोकाच्या कायम ०.२८५ व्होल्ट खाली असायला हवा. इथेच घोडं पेंड खातं. ७६ व्होल्टच्या उंचीवर तुम्ही पाव व्होल्टच्या कडेवरून चालताय. डीसीचं गुणोत्तर ०.३७५ टक्क्याने वर सरकलं की २०० चं शिखर गायब. तेवढंच खाली सरकलं की रुंदी दुप्पट, म्हणजे १९९, २०० आणि २०१ एकमेकांत मिसळलेले. लहान वस्तुमानाला हीच टक्केवारी कळतही नाही, त्यामुळे २८ आणि ३२ झकास दिसतात आणि १३० च्या पुढे नुसता डोंगर, अशी तक्रार घेऊन माणसं अॅम्प्लिफायर बदलत बसतात.

मग वस्तुमानाचं माप नक्की कुठे ठरतं? आरएफ मोजणाऱ्या छोट्या कॅपॅसिटरमध्ये. नेहमीची रचना अशी: प्रत्येक दांडाजोडीपासून १ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर, पुढे दोन डायोड, एक ग्राउंडला आणि एक ऑपअॅम्पच्या आभासी ग्राउंडला. २०० वर एका बाजूने सरासरी १.८ मिलिअँपिअर प्रवाह येतो. तो डॅकच्या (आकड्याचं व्होल्टेज किंवा प्रवाहात रूपांतर करणाऱ्या चिपच्या) प्रवाहाशी ताडून फरक शून्य करणारी वळणवाट म्हणजेच आरएफचा लूप. डीसी त्याच डॅकपासून, त्याच रेफरन्सवरून काढायचा. दोघांना वेगवेगळे रेफरन्स दिलेत की दोन घड्याळं घालून वेळ पाळण्यासारखं होतं.

पण कॅपॅसिटर बदलला तर लूपला ते कळत नाही. त्याला वाटतं सगळं ठीक आहे, प्रत्यक्षात आरएफ सरकलेला असतो आणि डीसी जागच्या जागी. सीझीरोजी (तापमानाने फारसा न बदलणाऱ्या सिरॅमिक जातीच्या) कॅपॅसिटरची हमी अंशाला ±३० पीपीएम (दहा लाखांत तीस). १० अंश तापला तर ३०० पीपीएम, म्हणजे २०० चं शिखर ०.०६ एएमयू सरकतं आणि रुंदीतही ८ टक्क्यांचा फरक पडतो. यावर 'हवेचा कॅपॅसिटर बनवा' असा सल्ला सर्रास मिळतो. २१ मिमी व्यासाच्या दोन चकत्या ३ मिमी अंतरावर ठेवल्या की साधारण १ पिकोफॅरड होतो हे खरं. पण अॅल्युमिनियमच्या चकत्या आणि सिरॅमिकचे टेकू वापरले तर क्षेत्रफळ अंशाला ४६ पीपीएमने वाढतं, अंतर सातेकने. म्हणजे एकूण ३९, सीझीरोजीच्या हमीपेक्षाही वाईट! माझ्या मते १ किलोव्होल्टचे, एकाच रिळातले दोन सीझीरोजी घ्या, डायोडांसकट एका छोट्या पितळी डबीत बंद करा, ती कॉइलपासून लांब ठेवा आणि डबीला हीटर लावून ४५ अंशांवर धरून ठेवा. ०.२ अंशाच्या आत राहिली तर सरकणं ६ पीपीएमवर येतं.

डायोडांचं आणखी एक. दोन्ही मिळून १.२ व्होल्ट खातात. २०० च्या ९०६ व्होल्ट टोक-ते-टोक पुढे ते काहीच नाही, पण १ एएमयूला एकूण ४.५ व्होल्टच असतात. सुदैवाने ही चूक पट्टीच्या चढाची नाही, शून्यबिंदूची आहे, सगळीकडे सारखी, सुमारे ०.२६ एएमयूची. म्हणून वस्तुमानपट्टीला शून्य आणि चढ असे दोन, आणि रुंदीलाही शून्य आणि चढ असे दोन, मिळून चार स्वतंत्र समायोजनं पहिल्यापासून ठेवा. नंतर घुसवायला गेलात की बोर्ड पुन्हा करावा लागतो.

बाकीचे भाग भराभर सांगतो. वारंवारता क्रिस्टल किंवा डीडीएसकडून (क्रिस्टलवरून हवी ती वारंवारता बनवणाऱ्या डिजिटल चिपकडून) घ्या, स्वयंदोलक नको, कारण वस्तुमान वारंवारतेच्या वर्गावर अवलंबून आहे: ५० पीपीएम वारंवारता सरकली की १०० पीपीएम वस्तुमान. कॉइल हवेची, सिरॅमिक किंवा टेफ्लॉनच्या नळीवर, लिट्झ तारेची. फेराइट तापलं की सूर सुटतो. डबा थेट फ्लँजवर बसवा, मध्ये केबल नको. केबलची क्षमता हलली की सूर हलतो. कॉइलच्या थंड टोकांना डीसी द्यायचा, आणि ती टोकं १० नॅनोफॅरडने एकमेकांना व ग्राउंडला बांधायची. तिथे मायका किंवा सीझीरोजीच. एक्ससेव्हनआर (दुसरी, स्वस्त सिरॅमिक जात) डीसीखाली क्षमता गमावतो आणि आरएफने तापतो. डीसीसाठी एडीएचव्ही४७०२ सारखा २२० व्होल्टपर्यंत चालणारा ऑपअॅम्प ±११० वर पुरतो. त्याच्या आणि १० नॅनोफॅरडच्या मध्ये १ किलोओहम घाला, नाहीतर तो स्वतःच दोलायला लागेल. डॅक १६ बिटांचा चालतो, एक पायरी ०.००३ एएमयूची पडते.

अधिक आणि उणे डीसी सारखे हवेत. त्यांत १ टक्का फरक पडला तर २०० वर मधल्या अक्षाचं विभव ०.३८ व्होल्टने सरकतं. तुमचे आयन ५ इलेक्ट्रॉनव्होल्टने येत असतील तर जड आयनांचा वेग वस्तुमानागणिक बदलत जाईल आणि शिखरं एका अंगाला कलंडतील. ५ इलेक्ट्रॉनव्होल्टला २०० चा आयन दांड्यांमध्ये सुमारे ५७ मायक्रोसेकंद, म्हणजे आरएफची ११४ आवर्तनं राहतो. तुमच्या गरजेला ती भरपूर आहेत, पण ऊर्जा २० वर नेलीत तर आवर्तनं निम्मी होतात आणि इलेक्ट्रॉनिक्स कितीही चांगलं असलं तरी २०० चं शिखर सुटं होणं अगदी काठावर येतं.

फिलामेंटच्या नियंत्रकात एक चूक हमखास होते. उत्सर्जन १ मिलिअँपिअर हवं म्हणून इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा नियंत्रकाचा भाग) सोडून दिला, फिलामेंट थंड आहे, उत्सर्जन शून्य, इंटिग्रेटर वर जाऊन टेकतो आणि पूर्ण प्रवाह ओततो. फिलामेंट गरम झाल्यावर त्याला खाली यायला वेळ लागतो, तोवर तार गेलेली असते. फिलामेंटच्या प्रवाहाला सॉफ्टवेअरबाहेरची पक्की मर्यादा हवी, इंटिग्रेटरला अडसर हवा, आणि दाब १०⁻⁴ मिलिबारच्या वर गेला की रिलेने तोडणारा इंटरलॉक हवा.

आता तपासणी. निर्वाताला हात लावण्याआधी प्रत्येक भाग टेबलावर पास व्हायला हवा.

आरएफसाठी दांड्यांच्या जागी १ किलोव्होल्टचे ६० पिकोफॅरडचे दोन मायका कॅपॅसिटर लावा. १०० पट प्रोब टेकवताना लक्षात ठेवा: त्याचे ५ पिकोफॅरड सूर ८० किलोहर्ट्झने हलवतात, आणि तुमच्या सर्किटची पट्टी जेमतेम १३ किलोहर्ट्झ रुंद आहे. प्रोब लावला की व्होल्टेज कोसळतं आणि नवखा माणूस सर्किटला दोष देतो. दोन्ही बाजूंना सारखे प्रोब लावून पुन्हा सूर जुळवा, मग मोजा, आणि मोजून झाल्यावर प्रोब काढून परत जुळवा. प्रोबची व्होल्टेजमर्यादा मेगाहर्ट्झमध्ये घसरते, त्याचा आलेखही बघून ठेवा. सूर जुळल्याची खूण सोपी आहे: ठरलेल्या व्होल्टेजला अॅम्प्लिफायरचा पुरवठा-प्रवाह सर्वांत कमी. मग ० वरून २०० वर उडी मारून बघा. कॉइलचा कालस्थिरांक २४ मायक्रोसेकंद आहे, लूप ७ किलोहर्ट्झच्या बराच खाली ठेवलात तर ओव्हरशूटशिवाय मिलिसेकंदाच्या आत बसायला हवं.

इलेक्ट्रोमीटरला (आयनांचा सूक्ष्म प्रवाह मोजणाऱ्या भागाला) १० गिगाओहमचा रोधक आणि एडीए४५३० जातीचा ऑपअॅम्प असेल तर १०० पिकोअँपिअरला १ व्होल्ट मिळतो, आणि १० हर्ट्झ पट्टीत रोधकाचा स्वतःचा गोंगाट ४ फेम्टोअँपिअर. तपासायला १ पिकोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून सेकंदाला १ व्होल्ट चढणारी त्रिकोणी लहर सोडा: प्रवाह बरोबर १ पिकोअँपिअर. इनपुटभोवती गार्ड, टेफ्लॉनचा खांब, आणि फ्लक्सचा कणही नको. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवल्याशिवाय मिळालेला आकडा आकडा नाहीच.

फिलामेंटच्या लूपला नुसता रोधक लावून काही कळत नाही, कारण रोधक तापून उत्सर्जन वाढवत नाही. छोटा दिवा आणि फोटोट्रान्झिस्टर एका काळ्या नळीत समोरासमोर बसवा. दिवा फिलामेंटच्या जागी, ट्रान्झिस्टरचा प्रवाह उत्सर्जनाच्या जागी, बायस ७० ऐवजी २० व्होल्ट. उशीर आणि वक्रता दोन्ही खऱ्यासारखे मिळतात.

सगळं जोडून निर्वात १०⁻⁵ मिलिबारच्या खाली गेला की पहिला स्कॅन फिलामेंट बंद ठेवून घ्या. रेषा सपाट हवी. वस्तुमानाबरोबर ती चढत गेली तर आरएफ इलेक्ट्रोमीटरमध्ये शिरून तिथे एकदिश होतोय. आधी ढाल आणि ग्राउंड दुरुस्त करा. ही पायरी गाळलीत तर पुढचं प्रत्येक मोजमाप संशयास्पद.

मग फिलामेंट लावून उरलेली हवा: १८, २८, ३२, ४०, ४४. १४ आणि २० ला लहान शिखरं दिसली तर बिचकू नका, १४ मुख्यतः नायट्रोजनचे तुकडे आणि २० म्हणजे दुप्पट प्रभारित आर्गॉन. पट्टीचा शून्य १८ वर आणि चढ वरच्या टोकाला, असं आलटून पालटून तीन-चार फेऱ्या करा, एका फेरीत जुळत नाही. वरच्या टोकाला क्रिप्टॉन आणि झेनॉन उत्तम. झेनॉनचे १२८ ते १३२ हे पाच समस्थानिक सलग आहेत, आणि १२९ (२६.४ टक्के), १३१ (२१.२), १३२ (२६.९) यांचं प्रमाण माहीत आहे. दऱ्या दिसत नसतील तर रुंदीचा चढ हलवा. दऱ्या खोल आहेत पण प्रमाण चुकतंय तर शिखरं जास्तच चिंचोळी केलीत, रुंदीचा शून्य किंचित सैल करा.

यानंतरची चाचणी कंटाळवाणी आहे पण चुकवू नका. अर्धा तास २८ वर थांबा, मग एकदम १३६ वर जा आणि पुढची २० मिनिटं शिखराची जागा नोंदवा. वरच्या आरएफने कॉइल तापते, डब्यातली हवा तापते आणि शिखर हळूहळू चालू लागतं. ०.०५ एएमयूपेक्षा जास्त चाललं तर त्या पितळी डबीकडे परत जा.

शिखरं फाटलेली दिसली तर सर्किट उघडण्याआधी दांड्यांवरच्या डीसीची अधिक-उणे टोकं अदलाबदल करून तोच स्कॅन घ्या. सगळा पुरवठा बंद करा, मल्टिप्लायरचे कॅपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि मगच वायरला हात लावा. दोन्ही स्कॅन सारखे आले तर दोष सोर्स किंवा लेन्सच्या व्होल्टेजमध्ये शोधा. वेगळे आले तर आधी ±डीसी मल्टिमीटरने मोजा, आणि ते सारखे निघाले तर दांड्यांवर थर बसलाय, तो आधी स्वच्छ करा.