एस्पेरान्तोतला ‘त्स’ आणि चेंबूरचा ‘च’

प्रश्न असा आहे : ‘चमचा’तला ‘च’ मराठीत आहेच, मग एस्पेरान्तो या कृत्रिम भाषेतल्या ‘त्स’चा वेगळा सराव कशाला? आणि तो देवनागरीत लिहायचा कसा?

ध्वनी आपल्याकडे आहे, पण हवा त्या जागी नाही. मराठीतला दंततालव्य, म्हणजे ‘त्स’सारखा ऐकू येणारा च (चोर, चूल, पाच) इ, ए किंवा य पुढे आला की टिकत नाही, तालव्य होतो, म्हणजे ‘चिमणी’तल्या चसारखा. ‘माझा’तला झ ‘माझी’त बदलतो तो याच कारणाने. हार्बर लाइनवर मराठी माणूस चुनाभट्टीचा च दंततालव्य म्हणतो आणि चेंबूरचा तालव्य, कारण तिथे पुढे एकार आहे.

एस्पेरान्तोत ही सवय चालत नाही. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सातून मांडलेल्या या भाषेत २८ अक्षरं आहेत, आणि शेजारी कुठलाही स्वर असो, अक्षराचा उच्चार तोच राहतो. ‘त्सेलो’ म्हणजे ध्येय, ‘चेलो’ म्हणजे पेशी. मराठी जीभ नेमकी इथेच दोन्हींचं ‘चेलो’ करते. ‘फात्सीला’ (सोपा) या शब्दाचंही ‘फाचीला’ होतं.

सरावासाठी ‘कुत्सित’ आणि ‘चिकित्सेला’ हे शब्द घ्या. त्यातले ‘त्सि’ आणि ‘त्से’ सुटे काढा, त आणि स यांच्यामध्ये फट राहू देऊ नका, मग ‘त्सेन्त’ (शंभर) म्हणा. लिहिताना नुक्तावाला (खाली टिंब दिलेला) च़ शास्त्रशुद्ध असला तरी सर्वसाधारण वाचक नुक्ता पाहतच नाही. म्हणून ‘त्स’च लिहावं. त आणि द यांच्या जागी इंग्रजीच्या सवयीने ट, ड लिहू नयेत, ही माझी आग्रहाची सूचना.

‘ज़’ची अडचण वेगळी. मराठी ‘जोर’मधला ज जीभ टेकवूनच सुरू होतो, त्यामुळे तो लांबवता येत नाही. एस्पेरान्तोचा ज़ लांबवता आला पाहिजे : ‘स्स्स’ म्हणता म्हणता घशात कंप आणा, की तो मिळतो. ‘जोर’चा ज मात्र ‘एद्ज़ो’ (नवरा) या शब्दात जसाच्या तसा चालतो.

आघात नेहमी उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या स्वरावर. ‘फामिलीओ’ (कुटुंब) यात जोर ‘ली’वर. अनेकवचनाचा ‘य्’ आणि कर्माचा ‘न्’ लागून ‘फामिलीओय्न्’ झालं तरी आघात हलत नाही, कारण हे दोन्ही स्वर नाहीत.

हा ‘न्’ मराठी माणूस हमखास विसरतो. ‘मी सफरचंद खातो’ यात आपण कर्माला प्रत्यय लावत नाही, तिथे मात्र ‘मी मान्जास पोमोन्’ असंच हवं. उलट ‘मुलाला पुस्तक देतो’ यातल्या ‘ला’साठी ‘न्’ लावू नये. तिथे ‘आल्’ हे शब्दयोगी नामाआधी येतं : ‘मी दोनास लीब्रोन् आल् ला क्नाबो’. ‘न्’ पुस्तकालाच लागला, मुलाला नाही.