एका दिवसात मित्रांबरोबर ब्रुअऱ्या फिरायच्यात, म्युनिकला जावं की दुसरीकडे?

तुम्ही न्युर्नबर्गला राहता, पुण्याहून तीन मित्र येतायत, त्यातला एक शाकाहारी आणि एक अजिबात पीत नाही, आणि एकच दिवस आहे. माझं ऐकाल तर म्युनिक सोडा आणि सरळ बाम्बर्गला जा. मी सहा वर्षं एर्लांगनला आहे, घरून कोणी पाहुणा आला की त्याला तिथेच नेतो आणि आजपर्यंत एकही जण नाराज होऊन परत आलेला नाही.

पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं गाव, त्यात दहाएक ब्रुअऱ्या, आणि बहुतेक सगळ्या चालत जाता येतील अशा अंतरावर. गाडी अजिबात काढू नका, चौघांत एक बायर्न तिकीट काढा (बव्हेरिया राज्यातल्या लोकल गाड्यांचं दिवसाचं तिकीट, पाच जणांपर्यंत चालतं, आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर), लोकल ट्रेनने तासाभरात पोचता.

आधी एक सांगतो, यादी छोटी ठेवा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आठ ठिकाणं ठरवून गेलो होतो, नाश्ता न करता, आणि चौथ्या ठिकाणी एका मित्राला इतकं मळमळायला लागलं की उरलेली दुपार नदीकाठच्या बाकावर त्याच्या शेजारी बसून काढली. तेव्हापासून चारच जागा, प्रत्येक ठिकाणी एक ग्लास आणि काहीतरी खाणं. तिकडे अर्ध्या लिटरला झायडला म्हणतात, तेवढी एक पुरते.

स्टेशनवरून दहा मिनिटांत ओबेरे क्योनिगश्ट्रासे लागतो, तिथे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन जुन्या ब्रुअऱ्या आहेत, श्पेत्सियाल 1536 ची आणि फेस्ला 1649 ची. सुरुवात श्पेत्सियालपासून करा, कारण बाम्बर्गची ओळख म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर, आणि श्पेत्सियालची जरा सौम्य असते. जीभ तयार होते.

मग नदी ओलांडून जुन्या गावात जा, नदीच्या मधोमध जुनं टाउनहॉल उभं आहे तिथे फोटो काढा (हे सगळं जुनं गाव 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे) आणि श्लेंकेर्ला या ब्रुअरीच्या पबला या. याच्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे. घराची पहिली नोंद 1405 ची. आत काळं झालेलं लाकूड, आणि बिअर लाकडी पिंपातून नुसत्या उताराने ग्लासात येते, गॅसचा दाब वगैरे काही नाही. रंग गडद तपकिरी, वर दाट फेस. ग्लास तोंडाजवळ आणला की आधी वास येतो, आणि तो वास आपल्याला परका नाही हो! हुरड्याच्या वेळी शेतात आगटी पेटवतात, कणसं भाजून झाली तरी हाताला आणि कपड्यांना जो वास राहतो ना, अगदी तो. जर्मन लोक म्हणतात स्मोक्ड हॅमसारखी लागते, मला मात्र दरवेळी मामाचं शेत आठवतं. पहिला घोट बहुतेकांना विचित्र वाटतो, ग्लास खाली ठेवू नका, अर्ध्यावर आलात की धूर मागे जातो आणि माल्टचा गोडवा वर येतो.

हा धूर येतो कुठून तर माल्टमधून. भिजवून मोड आणलेलं सातू वाळवावं लागतं, पूर्वी बहुतेक ठिकाणी ते उघड्या जाळावर वाळवायचे, म्हणजे जुन्या काळी बहुतेक बिअरला थोडाफार धुराचा वास असणारच. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी तो सोडला नाही, दोघं आजही स्वतःचं माल्ट स्वतःच धुरवतात, श्लेंकेर्लावाले बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर. एवढं माहीत असलं ना की तो घोट वेगळाच लागतो, म्हणून मित्रांना प्यायच्या आधी सांगा.

तिसरी जागा वुंडरबुर्ग भागातली मार्स ब्रॉय, तिथे 'उंगेश्पुंडेट' मागा. पिंपाचं बूच घट्ट न लावता मुरवलेली, त्यामुळे गॅस कमी आणि पोटाला हलकी. समोरच केसमान आहे, पण दोन्ही करायचा मोह टाळा.

आणि संध्याकाळ केलरवर. फ्रिज नव्हते तेव्हा टेकडीत तळघरं खोदून बिअर थंड ठेवायचे, सावलीसाठी वर चेस्टनटची झाडं लावायचे, आणि लोक तिथेच येऊन प्यायला लागले. श्पेत्सियालच्या केलरवरून अख्खं गाव दिसतं, कॅथेड्रलचे मनोरे सुद्धा. उन्हाळ्यात गेलात तरच, आणि सुट्टीचा वार आधी बघून घ्या. बऱ्याच केलरवर बिअर त्यांची आणि खाणं घरचं चालतं, विचारून घ्या फक्त. आम्ही कोल्हापुरी भडंग आणि चकल्या नेल्या होत्या, शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मूठभर भडंग खाऊन त्यात काय काय घातलंय ते विचारलं.

शाकाहारी मित्रासाठी ओबात्स्डा (चीज-लोण्याचं मसालेदार मिश्रण) आणि ब्रेत्सेल (पीळ दिलेला खारा पाव), किंवा अंडं चालत असेल तर केझेश्पेत्सले (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड शेवया, वर चीज). बटाट्याचं सॅलड विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यात बऱ्याचदा मांस उकळलेलं पाणी असतं, आणि 'ओने श्पेक' म्हणजे बेकनशिवाय, हे दोन शब्द त्याला पाठच करून द्या. न पिणाऱ्याला सफरचंदाचं शोर्ले (रसात सोडा घातलेलं पेय) मिळतं, तो कंटाळणार नाही, आमच्यातला न पिणारा दरवेळी हौसेने येतो आणि जुन्या गावातल्या गल्ल्या त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

रोख पैसे जवळ ठेवा. बऱ्याच ठिकाणी वाढणारी बाई ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रेघा मारते, तेच तुमचं बिल, त्यामुळे तो पुठ्ठा खिशात घालू नका, निघताना द्या. आणि नऊ-साडेनऊच्या ट्रेनने परत फिरा, स्टेशनपर्यंत उतार आहे पण अंतर बरंच आहे, अर्धा तास हाताशी ठेवा.