छपाईची शंकापेटी : थ्रीडी फोटो कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : आमच्या गावच्या बारा मोटेच्या विहिरीचे फोटो मामांच्या जुन्या फूजी डब्ल्यू३ कॅमेऱ्यानं काढले. फाइल एमपीओ आहे. साताऱ्यातल्या प्रेसमध्ये ती उघडेना, म्हणून नाव बदलून जेपीजी केलं, तर एकच साधा फोटो दिसला. शाळेच्या प्रदर्शनात जुन्या लाकडी स्टिरिओस्कोपमधून (दोन भिंगांतून शेजारची दोन चित्रं एकत्र, थ्रीडी दाखवणारं साधन) बघायला कार्डं छापायची आहेत. प्रेसवाले म्हणतात, ‘टिफ आणा.’
– एक शिक्षिका, लिंब (ता. सातारा)

उत्तर : बाई, दुसरा फोटो हरवलेला नाही. एमपीओच्या एकाच फाइलीत डाव्या आणि उजव्या डोळ्याचे दोन जेपीजी एकामागे एक ठेवलेले असतात. नाव बदललं की संगणक पहिला दाखवतो आणि तिथंच थांबतो. ‘स्टिरिओफोटो मेकर’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मूळ एमपीओ उघडा.

पण लगेच टिफ (तपशील न गमावता चित्र साठवणारी फाइल) करायला धावू नका, ते सगळ्यात शेवटी. आधी ऑटो अलाइन करून दोन्ही चित्रांतला वर-खाली फरक काढा. तो राहिला तर बघणाऱ्याचं डोकं दुखतं. मग खोली, म्हणजे चित्रातला पुढे-मागेपणा, तपासा. तुमच्या कॅमेऱ्याच्या दोन भिंगांत ७५ मिलिमीटर अंतर आहे, आपल्या डोळ्यांत साधारण ६५. म्हणजे जवळची वस्तू जरा जास्तच अंगावर येते. मोटेच्या जागेवर उभं राहून खाली पाणी टिपलं असेल आणि कठड्याचा दगड अगदी पुढ्यात आला असेल, तर तो फोटो बाजूला ठेवा. समोरच्या भिंतीचा आणि पायऱ्यांचा घ्या. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेल्या त्या अष्टकोनी विहिरीत खोली दाखवायला कोपरे भरपूर आहेत! सर्वांत जवळचा आणि सर्वांत लांबचा बिंदू दोन चित्रांत जेवढे सरकतात, त्या सरकण्यांतला फरक चित्राच्या रुंदीच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त नको.

जुनं कार्ड ७ इंच बाय साडेतीन इंचाचं असतं, त्यात तीन-तीन इंच रुंदीची दोन चित्रं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एका चित्राच्या रुंदीला ९०० पिक्सेल लागतात आणि तुमच्या कॅमेऱ्यात ३६०० च्या वर आहेत, तेव्हा त्याची चिंता नाही. दोन्ही चित्रं एकत्रच कापा, वेगवेगळी कापलीत की खोली बिघडते. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, मध्यापासून मध्यापर्यंत तीन इंच. हे माप लाकडी स्टिरिओस्कोपचं; त्याची भिंगं प्रिझमसारखी असल्यामुळे चालतं. साध्या भिंगांच्या पुठ्ठ्याच्या व्ह्यूअरला ६० ते ६५ मिलिमीटरच ठेवा. एवढं झाल्यावर टिफ करा, सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत), एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन (तपशील न गमावता फाइल लहान करणारं) लावून. जेपीजीत गेलेलं टिफमुळे परत येत नाही, फक्त पुढे आणखी काही जात नाही. कागद जाड मॅट आर्ट कार्ड घ्या. ग्लॉसी चमकतो आणि प्रत्येक डोळ्याला चमक वेगळी दिसते.

प्रश्न : लाल-निळ्या चष्म्याचा फोटो मोबाइलवर छान दिसतो, छापला की सावल्या पडतात. प्रेसवाल्याची चूक का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निम्मी शाईची. लाल काचेतून डाव्या डोळ्याला फक्त सायन (हिरवट निळी) शाई काळी दिसते, म्हणून डाव्याचं चित्र सायनमध्ये असतं. उजव्याला निळ्या काचेतून मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी. पण छपाईतली सायन शाई शुद्ध नसते, ती थोडा हिरवा-निळा प्रकाशही गिळते. त्यामुळे डाव्याचं चित्र उजव्या डोळ्यात डोकावतं. हे पूर्ण जात नाही. रंगीतऐवजी कृष्णधवल फोटोवरून अ‍ॅनाग्लिफ (लाल-निळ्या चष्म्याचं चित्र) करा, कॉन्ट्रास्ट उतरवा, दोन चित्रांतलं सरकणं कमी ठेवा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. तिथं होणाऱ्या जेपीजीत रंगाचा तपशील निम्म्यावर येतो आणि नेमक्या लाल कडा फिसकटतात.

उरलेली निम्मी रजिस्टरची, म्हणजे रंगांच्या प्लेट एकमेकींवर नेमक्या बसण्याची. लग्नपत्रिकेत सायनची प्लेट केसभर आडवी हलली तर कुणी बघत नाही. इथं आख्खं दृश्य पुढेमागे होतं, आणि उभी हलली तर डोळे ताणतात. छपाई चालू असताना चष्मा घेऊन मशीनजवळ उभे राहा, पहिले शीट बघूनच पुढची परवानगी द्या. मशीनमन वैतागेल, वैतागू द्या.

प्रश्न : माझ्या जुन्या फाइली जेपीएस आहेत. सरळ कार्डावर छापू?
– एक वाचक, कराड

उत्तर : नको. जेपीएस फाइलीत दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी-शेजारी असतात, पण बहुधा उजव्या डोळ्याचं चित्र डावीकडे असतं. अदलाबदल न करता छापलंत तर आड बाहेर येईल आणि डोंगर आत जाईल. स्टिरिओफोटो मेकरमध्ये एका बटणावर बाजू बदलते.