मासे नंतर आणा, आधी पाणी पिकू द्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकला रो हाऊसच्या मागे १० बाय १५ची मोकळी जागा आहे, पाणी बोअरचं आहे, ॲक्वापोनिक्स करायचंय (म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने मातीविना खडीत लावलेल्या भाजीला फिरवायचं आणि परत टाकीत सोडायचं), तर खर्च किती, मासे कोणते आणि सुरुवात कुठून. एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मीच सांगते. भाजीचे पैसे वाचवायला करणार असाल तर करू नका. आवक वाढली की जिथे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या शेतकरी रस्त्यावर ओतून जातात, तिथे घरच्या पालकाचा हिशेब जुळत नाही. हौस असेल तर पुढे वाचा.

आमचंही रो हाऊसच, मखमलाबादकडचं. मागची जागा तुमच्यापेक्षा थोडी लहान. चार वर्षं झाली, त्यातलं पहिलं निव्वळ शिकण्यात गेलं. पहिल्या खेपेला मी टाकी भरली, खडी घातली, पंप चालू केला, पालकाची रोपं लावली आणि तिसऱ्याच दिवशी चाळीस पिल्लं आणून सोडली. आठवड्याभरात मासे पाण्यावर तोंड काढून हापहाप करायला लागले. मला वाटलं हवा कमी पडतेय, म्हणून एअर पंप आणला. तरी दहाव्या दिवसापर्यंत सदतीस गेले. पालकही पिवळा पडला. म्हणजे माशांना खत सोसवेना आणि झाडांना ते मिळेना.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातूनही तोच तयार होतो. अमोनिया माशाला विषारी. खडीवर एक जातीचे जिवाणू वाढतात, ते त्याचं नायट्राइट करतात. ते सुद्धा विषच. नायट्राइट माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरतं, मग पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. माझा एअर पंप म्हणूनच फुकट गेला. त्यानंतर दुसरे जिवाणू येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट झाडं आवडीने घेतात आणि माशांनाही त्याचा फारसा त्रास नसतो. या दोन्ही जिवाणूंचा खडीवर जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच. मी याला पाणी पिकणं म्हणते. आंबा अढीत घालून रोज दाबून बघितला म्हणून लवकर पिकत नाही, तसंच हे.

त्यात आपलं बोअरचं पाणी. माझ्याकडे पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा (७ म्हणजे मधला), ८.२ निघाला. पीएच ७ला जेवढा अमोनिया मासा सहज सोसतो, तेवढाच ८ला साधारण दहापट घातक होतो, कारण त्यातला विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पाणी गरम असेल तर आणखी वाढतो. मला हे माहीत नव्हतं, आणि दुकानदाराने पीएचचं नावही काढलं नाही.

पाणी पिकवायचं कसं? टाकी भरा, पंप चालू ठेवा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजतं, अमोनिया होतो, जिवाणूंना खायला मिळतं. ओळखीचं फिश टँकचं दुकान असेल तर त्यांच्या चालू टाकीतल्या फिल्टरचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या पाण्यात पिळा. दही लावताना विरजण घालतो ना, तेच. माझे दुसऱ्या खेपेला यामुळे दोनेक आठवडे वाचले असतील. परदेशातले व्हिडिओ बघून कुणी युरिया टाकायला सांगेल, पण कृषी सेवा केंद्रातला युरिया नको. आपल्याकडे २०१५पासून शेतीचा जवळजवळ सगळा युरिया नीमकोटेड असतो, आणि कडुनिंबाचा तो लेप असतोच मुळी अमोनियाचं नायट्रेट होणं लांबवायला. शेतात ते हवं असतं. आपल्याला इथे नेमकं उलट हवंय.

पालिकेचं पाणी वापरणार असाल तर त्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं. एक-दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून मगच ओता. टेस्ट किट मात्र घ्याच, थेंबांची. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतात, मग एकामागून एक उतरतात. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की मासे आणा, तेही आधी पाच-सहाच.

आता बांधणी. मी सातपूरच्या भंगारवाल्याकडून हजार लिटरची जुनी आयबीसी टाकी घेतली, लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी असते ती. आधी तिच्यात काय होतं ते विचारा, लेबल बघा, वास घ्या. केमिकलची असेल तर स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. वरचा फूटभर भाग कापून उलटा ठेवला की तो खडीचा वाफा होतो, खालच्या भागात मासे. भरलेली टाकी पाऊण टनाच्या घरात जाते आणि ओल्या खडीचा वाफा अर्ध्या टनाच्या. मागे काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खाली मुरूम ठोकून वर पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, करून घ्या. मी नुसत्या विटांवर ठेवली होती. पहिल्या पावसात एक बाजू खचली आणि वाफ्यातलं पाणी एका कोपऱ्यात जमायला लागलं. गच्चीवर करायचा विचार असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

खडी वीस एमएमची घ्या, कच नको. आपला बेसाल्ट यासाठी चांगला, तो पाण्याचा पीएच हलवत नाही. पण नाशिकच्या दगडाची एक गंमत आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघितलंय ना? तसले पांढरे स्फटिक आपल्या दगडाच्या पोकळ्यांत असतात. झिओलाइट असेल तर काही बिघडत नाही, पण कॅल्साइट असेल तर तो पाण्यात हळूहळू विरघळून पीएच वर धरून ठेवतो. म्हणून ट्रॉली उतरवायच्या आधी मूठभर खडी वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. एखाद-दुसऱ्या खड्यावर बुडबुडे आले तर चालतं, सगळी वाटी फसफसली तर दुसरी खाण बघा. खडी धुवायची तयारीही ठेवा. माझे दोन रविवार त्यात गेले आणि तरी पहिले चार दिवस टाकीतलं पाणी राखेसारखं होतं.

पाणी वाफ्यात चढावं, भरावं आणि आपोआप उतरावं यासाठी बेल सायफन लागतो. वाफ्याच्या तळातून वर आलेला एक इंची पाइप, त्यावर वरून बंद आणि खाली खाचा पाडलेला तीन इंची पाइप टोपीसारखा, आणि खडी आत येऊ नये म्हणून बाहेरून भोकं पाडलेला चार इंची. पाणी आतल्या पाइपच्या तोंडापर्यंत चढलं की सायफन लागतो आणि सगळा वाफा दोन-तीन मिनिटांत रिकामा होतो. त्या वेळी मुळांना हवा मिळते, हाच त्याचा उपयोग. आमच्या प्लंबरला कागदावर काढून दाखवलं, तर म्हणाला, "ताई, मोटर नाही, व्हॉल्व्ह नाही, पाणी काय आपल्या मनाने जाणार का?" पहिले दोन दिवस त्याचंच खरं झालं. पाणी नुसतं काठावरून ठिबकत राहिलं. मग आतल्या पाइपच्या तोंडाशी रिड्यूसर बसवला, म्हणजे तोंड नरसाळ्यासारखं रुंद झालं, आणि खालच्या टोकाला एक एल्बो दिला. पंपाचा कॉक थोडा उघडल्याबरोबर घळघळ आवाज करत वाफा उतरला. सासूबाई आतून ओरडल्या, "संडासात कोण आहे गं?" तुमच्याकडे उलट झालं, म्हणजे सायफन लागला पण तुटतच नाही, तर पाणी जास्त येतंय. कॉक जरा बंद करा. खडीचा वरचा दोन इंच थर कायम कोरडा राहील इतपतच पाणी चढू द्या, नाहीतर शेवाळ आणि डास ठरलेले.

पंप तासाला टाकीतलं सगळं पाणी एकदा फिरवेल एवढा हवा. कूलरची मोटर लावू नका, ती दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यापुरती केलेली असते आणि इथे चोवीस तास चालायचं असतं. माझा पंप २५ वॅटचा आणि एअर पंप ५ वॅटचा आहे, दोन्ही मिळून महिन्याला २२ युनिटच्या आत. लाइट गेली की बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असू द्या. उन्हाळ्यात दुपारी तीन तास लाइट गेली तर झाडांना काही होत नाही, मासे मात्र तेवढ्यात जाऊ शकतात.

मासे कोणते, यावर नाशिकची थंडी निर्णय देते. निफाडचा पारा पेपरात छापून येतो तेव्हा आपल्या अंगणातली टाकीही गारठलेलीच असते. चिलापी, म्हणजे तिलापिया, जगभर यासाठी वापरतात, पण तिला ऊबदार पाणी लागतं. पाणी दहा-बारा अंशांवर आलं की ती मरायला लागते, शिवाय आपल्याकडे ती पाळायला परवानगी लागते. पंगस थंडीत खाणं टाकतो. थायी मागूर कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका, त्यावर बंदी आहे. रोहू-कटला तळ्यातले मासे. टाकीत ते खुरटतात आणि रात्री उडी मारून बाहेर पडतात. उरले सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प), कोई आणि गोल्डफिश. तिघंही एकाच गोतावळ्यातले, थंडी सोसणारे, कशालाही नाक न मुरडणारे. आमच्या सासूबाई माळकरी, घरात मासळी शिजत नाही, म्हणून मी बारा कोई ठेवल्या. तुम्ही खाणारे असाल तर सायप्रिनस घ्या, पण कापलेल्या टाकीच्या खालच्या साडेसहाशे लिटरमध्ये पंधरा-वीसच्या वर नको. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की खाद्य अगदी कमी करा, कारण तेव्हा जिवाणूही सुस्तावलेले असतात. टाकीवर जाळी हवीच. आमच्याकडे मांजरापेक्षा खंड्याने जास्त मासे नेले. ओव्हरफ्लोच्या पाइपलाही जाळी लावा. जुलैच्या एका रात्रीच्या पावसात माझी एक कोई गटारीपाशी सापडली, सकाळपर्यंत तिथल्या चार बोटं पाण्यात जिवंत होती.

भाजीत सगळ्यात वर अळू. पाण्याकाठचंच झाड ते, असं माजतं की गल्लीत वाटावं लागतं. सासूबाईंचा या सगळ्या खटाटोपाला असलेला विरोध पहिल्या अळुवडीला मावळला. पुदिना, पालक, चुका, तुळस सहज येतात. कोथिंबीर थंडीत छान येते, उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते. मेथी आपण मुळासकट उपटतो, खडीत त्याची मजा नाही. कांद्या-मुळ्याचा विचार सोडा. टोमॅटो-मिरची पाच-सहा महिन्यांनी लावा, त्यांना खायला जास्त लागतं. एप्रिल-मेमध्ये वर ५० टक्क्यांची शेडनेट लागेलच.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. माशांच्या खाद्यात ते झाडांना पुरेल इतकं नसतं. चुनखडीच्या जमिनीत द्राक्षवेलींना हाच त्रास होतो, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडांना सहज घेता येईल अशा रूपातलं, हमखास मिळतं. पीएच सातच्या वर असेल तर त्यातलं ईडीटीए प्रकारचं फारसं लागू पडत नाही, ईडीडीएचए प्रकारचं मागा. त्याने पाणी लालसर होतं, घाबरू नका. पण बागेचा फवारणी पंप इकडे आणू नका. मावा पडला म्हणून मी एकदा शेजारच्या काकांचा पंप मागितला होता. त्यांनीच विचारलं, "माशांवर मारणार का? यात कालच बोर्डो होतं." बोर्डो म्हणजे मोरचूद, आणि तांबं माशांना अगदी थोडंही पुरतं. तेव्हापासून मावा साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुते, उरलेला बोटांनी पुसते. निंबोळी अर्कही नको.

खर्च माझा सगळा मिळून पंधरा हजारांच्या आसपास गेला, त्यात मेलेले मासे आणि दोनदा घेतलेले पाइपही आले.

सुरुवात महाशिवरात्रीनंतर करा. थंडी ओसरलेली असते, पाणी लवकर पिकतं आणि उन्हाळा तापायच्या आत माशांचा जम बसतो. तोवर एकच काम करा: बोअरच्या पाण्याचा पीएच मोजा. बादलीत भरून एक दिवस ठेवा, मग मोजा, ताज्या पाण्याचा आकडा फसवतो. आठच्या वर निघाला तर लिंबू-बिंबू पिळत बसू नका. पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवायला एखादा ड्रम तेवढा लावून घ्या, ते बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं की माझ्याकडे काम भागलं.