वांगी चकचकीत म्हणजे बीटी का?

प्रश्न : मंगळवार बाजारात हल्ली वांगी एकदम चकचकीत, एकही कीड नाही, ही बीटी असतात का? खायची का नाही? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो ताई, बीटी वांग्याच्या (म्हणजे कीड मारणारा, मातीतल्या जिवाणूचा जीन घातलेल्या वांग्याच्या) लागवडीला २०१० पासून आपल्याकडे स्थगिती आहे, कीड दिसत नाही ती बहुतेक फवारणीमुळे, त्याचीच काळजी जास्त करा, नीट धुवून घ्या. आपल्याकडे व्यापारी लागवड फक्त बीटी कापसाची, २००२ पासून, त्यातही तोच जिवाणूचा जीन घातलाय, त्यामुळे झाडात एक प्रथिन तयार होतं, बोंडअळीने पान-बोंड खाल्लं की त्याने ती मरते, माणसाला त्या प्रथिनाचा तसा त्रास होत नाही. सुरुवातीला फवारणी घटली खरी, पण गुलाबी बोंडअळी आता त्याला पचवून बसलीय आणि बियाणं दरवर्षी विकतच! अन् हो, सरकीचं तेल आणि म्हशीची पेंड त्याच कापसाची बरं का.