'वणव्यांचा हंगाम' खुशाल म्हणा

प्रश्न असा: कॅलिफोर्नियाच्या बातम्यांत 'वणव्यांचा हंगाम तीव्र' असं छापतात. हंगाम तर पिकाचा. आगीला 'ऋतू' म्हणणं बरं नाही का?

मुळीच नाही. या 'अग्निऋतू'चा मला मनापासून राग येतो. हंगाम पिकापुरताच, हे कुणी ठरवलं? लग्नांचा हंगाम असतो, जत्रांचा असतो. शिवाय ऋतू ठरल्या वेळी येतो नि जातो. हंगाम मात्र साधतो, लांबतो, बुडतो. रत्नागिरीचा बागायतदार 'यंदा हंगाम निम्माच' म्हणतो, 'ऋतू निम्मा' कधीच म्हणत नाही. वणव्यांचंही तसंच आहे. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये तीन लाख एकरांच्या आत जळालं आणि २०२० मध्ये चाळीस लाखांच्या वर. उन्हाळा दोन्ही वर्षी आलाच होता.

आता खरी गंमत. बहुतेक कोश 'हंगाम' पुढे 'फारसी' एवढं लिहून थांबतात. अहो, पुढे जा की! संस्कृतातला 'स' इराणी भाषांत 'ह' होतो: सप्ताह–हफ्ता, सिंधु–हिंदू. 'सम्'चा 'हम' होतो, तोच 'हमदर्द'मधला. 'गम्' धातू दोन्हीकडचा. म्हणजे हं-गाम आणि सं-गम! 'अंजुमन', म्हणजे सभा, हाही याच घरातला. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, अवेस्तेत, तो 'हंजमन', वेदांत 'संगमन'. गर्दी एकत्र आली की होतो तो 'हंगामा'. परका म्हणून 'हंगाम' वाळीत टाकणारे शुद्धिवादी संगमाच्या सख्ख्या भावालाच हाकलताहेत. काही अभ्यासक फारसीत 'वेळ' हाच मूळ अर्थ धरतात. मला ते पटत नाही. वेळ कशाची? गोष्टी जुळून येण्याची!

आणि वाईट वर्षी नेमकं हेच होतं. वाळलेलं गवत-झुडूप, कोरडी हवा, वारा आणि ठिणगी एकत्र यावी लागतात. २०१९ च्या आधीचा हिवाळा ओला होता, डोंगरावर बर्फ उशिरापर्यंत टिकला, हंगाम हलका गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये उष्णतेच्या लाटेत, जवळजवळ पावसाविना, हजारो विजा कोसळल्या. नुसता पाऊस चांगला झाला म्हणून निभावत नाही, हेही ध्यानात घ्या. लॉस एंजेलिसकडे लागोपाठ दोन ओल्या हिवाळ्यांत रान माजलं, मग २०२४ च्या मे महिन्यापासून पाऊस जवळजवळ नाहीच, आणि वर वाळवंटाकडून सुटणारे कोरडे, जोरदार सँटा ॲना वारे. ७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्स आणि ईटन हे वणवे पेटले, १६ हजारांवर इमारती गेल्या. जानेवारी म्हणजे तिथला ऐन पावसाळा. ऋतूवाल्यांनी याला कोणता ऋतू म्हणायचं ते सांगावं.

'तीव्र' राहिलंच. ते विशेषण आगीला, फार तर उन्हाला लावा. हंगाम मोठा, लांबलेला, वाईट किंवा हलका असतो. आणि दरवर्षी 'भीषण' छापू नका. मग २०२० साठी शब्द उरत नाही.