आईच्या नावाची चिठ्ठी

पत्र थोडक्यात: मी ५४ वर्षांची, एकटी, साताऱ्यात राहते. आई तीन वर्षं अंथरुणाला होती, तिचं सगळं मीच केलं. सात महिन्यांपूर्वी ती गेली. दोन्ही भाऊ तेराव्याला आले नि चौदाव्याला गेले, नंतर साधा फोन नाही. रोज तासभर नामस्मरण आणि प्राणायाम करते, तरी मन ठिकाणावर नसतं. दुपारी चारच्या सुमारास जीव घाबरा होतो, भावांचा राग उफाळतो. झोपेचं तसं काही नाही, आईच्याच अल्प्राझोलमची अर्धी गोळी घेते, हल्ली कधी कधी पूर्ण. मन कसं सावरू?

ताई,

तुमच्या चार पानांतली तीन भावांवर आहेत. त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिणार नाही. चुकले असतील, पण आज ते मला महत्त्वाचे वाटत नाहीत. ‘झोपेचं तसं काही नाही’ म्हणून तुम्ही जे वाक्य उरकलंत, मी तिथेच थांबले.

हिशोब करा. सात महिने म्हणजे २१० रात्री. रोज अर्धी धरली तरी १०५ गोळ्या, दहाच्या पाकिटाने साडेदहा पाकिटं. गेलेल्या माणसाच्या कपाटात एवढ्या गोळ्या उरत नसतात. म्हणजे दर वीस दिवसांनी तुम्ही आईची जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाता आणि ओळखीचा म्हणून तो देतो. अल्प्राझोलम शेड्यूल एच-वनमधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या सरकारी यादीतलं औषध आहे, पाकिटावर लाल चौकट असते ती त्यासाठीच. ते देताना दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहावे लागतात. तुमच्या दुकानदाराने नियम पाळला असेल, तर त्या रजिस्टरात तुमची आई अजून औषध घेते आहे.

तीन वर्षं तुम्ही तिच्या औषधांसाठी त्या काउंटरवर उभ्या राहिलात. तिच्यासाठी करायचं तेवढं एकच काम आता उरलंय आणि ते सुटत नाहीये, असं मला वाटतं. यावरून तुम्हाला कुणी रागावू नये. गोळीबद्दल मात्र मी रागावणार आहे.

अर्धीची पूर्ण का झाली? शरीर या औषधाला सरावतं, तेवढीच झोप यायला जास्त डोस मागतं. आणि दुपारी चार? रक्तातलं अल्प्राझोलम साधारण अकरा तासांत निम्म्यावर येतं. रात्री साडेदहाला घेतलेली गोळी दुपारपर्यंत बरीच ओसरलेली असते आणि सरावलेलं शरीर तेव्हा कासावीस होऊ शकतं. ती घालमेल सगळी भावांच्या खात्यावर मांडू नका, थोडी या पाकिटाचीही असेल. अशा वेळी नामस्मरणात मन लागत नाही म्हणून स्वतःला बोल लावण्यात काय अर्थ आहे?

आता हे वाचून तिरीमिरीत आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर हात थरथरतात, घाम फुटतो, धडधड होते, काहींना फिट येते. शिवाय सुरुवातीच्या काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते. बहुतेक माणसं इथेच फसतात: ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच नाही’ म्हणून पुन्हा पाकीट उघडतात. ते औषध सुटतानाचं लक्षण असतं, थोड्या दिवसांत ओसरतं. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने, काही आठवडे घेऊन उतरवतात. कधी आधी हळू ओसरणाऱ्या गोळीवर नेतात आणि मग ती कमी करतात. ते गणित घरी करायचं नसतं. तोवर आज घेता त्याहून कणभर जास्त नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा दारू यांच्यासोबत तर कधीच नाही, श्वास मंदावतो. झोप आणणारी सर्दीची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तर एकच काम. पाकीट आणि ती चिठ्ठी पर्समध्ये घाला आणि डॉक्टरांकडे जा. फॅमिली डॉक्टर चालतील, जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ अधिक बरे. तिथे बोलताना रडू येईल, म्हणून आधीच कागदावर लिहून न्या: गोळी किती मिलिग्रॅमची (०.२५ की ०.५, पाकिटावर असतं), कधीपासून, किती वाजता, आठवड्यात किती वेळा पूर्ण, आणि बीपी-शुगरचं काही चालू असेल तर ते. ‘कधीमधी घेते’ असं सांगू नका. तुम्ही जो आकडा सांगाल, त्यावरून ते उतरवण्याचा वेग ठरवतील. जायचा धीर होत नसेल तर आधी १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दुपारी तीननंतरचा चहा बंद करा आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा. झोपेसाठी सध्या एवढं पुरे. भावांना पत्र लिहायचं की नाही, ते गोळी सुटल्यावर विचारा. तेव्हा उत्तर देईन.

आता उठा आणि पाकिटात किती गोळ्या उरल्यात ते मोजा. सहा असतील तर तुमच्या हातात बारा रात्री आहेत, मधे पूर्ण घेतलीत तर त्याहून कमी. डॉक्टरांची वेळ त्याच्या आतली घ्या. चिठ्ठी त्यांना दाखवून झाली की परत मागून घ्या आणि आईच्या फाइलमध्ये लावून टाका.